कोरड

राधाकिशनच्या तोंडाला कोरड पडायला लागली ती दिवाळीनंतर. थंडीचे दिवस होते, त्यामुळं आधी त्यानं मनावर घेतलं नाही. पहाटे जाग यायची तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असायची, वाळत घातलेल्या चामड्यासारखी. ओठ एकमेकांपासून हळूहळू सोडवावे लागायचे. उठून बसून तो उशाचा तांब्या तोंडाला लावायचा, तर पहिला घोट घशाखाली उतरायचाच नाही. भेगाळलेल्या रानात पाणी सोडावं तसा तोंडातल्या तोंडात जिरून जायचा.

सिरसाळ्यात, परळीच्या रस्त्याला लागून त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढं पडवी, पडवीत एक लोखंडी खाट. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी परळी डेपोत गेली. आता रिटायर होऊन तो एकटाच राहायचा. मुलगी विजयमाला दिंद्रुडला दिलेली, तिथल्याच शाळेत शिकवायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी ती स्वतः यायची, डब्यात काहीतरी घेऊन.

सकाळी अंघोळ करून राधाकिशन स्टँडावर जायचा. तिथं दस्तगीरचा फळांचा गाडा होता. दस्तगीर त्याच्याच वयाचा. पूर्वी हैदराबाद, रायचूरकडं ट्रक चालवायचा. गुडघे गेल्यावर गाडी विकून गाड्यावर आला.

"आवाज कावून बसलाय बे तुझा?" त्यानं एका सकाळी विचारलं.

"कोरड पडती रातीला. झोपेत तोंड पार वाळून जातं."

"तंबाखू सोड."

"तंबाखू सोडून वरीस झालं."

"मग साखर असंल. तपासून घे."

साखर तपासली. साखर नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली, म्हणाले, या गोळीनं काहींना कोरड पडते. नव्या गोळीवर महिना गेला, फरक पडला नाही. विजयमालानं ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या, झोपताना ओठांना लावायला तूप दिलं, रात्रीच्या जेवणातलं तिखट बंद केलं, खिडकीला ओलं फडकं बांधलं. दस्तगीरनं दाढेखाली वेलदोडा धरायला सांगितलं. राधाकिशननं सगळं केलं. तो नेमाचा माणूस होता. पण पहाट झाली की जीभ पुन्हा टाळूला चिकटलेली आणि घसा आतून खरवडल्यासारखा. आवाज तर, यात्रेच्या दिवसांत डबल ड्युटी करून, खचाखच भरलेल्या गाडीत ओरडून ओरडून बसायचा, तसा बसलेला.

उन्हाळा लागला तशी विजयमाला त्याला अंबाजोगाईला घेऊन गेली, नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं नाकात उजेड टाकून पाहिलं, जीभ दाबून पाहिली.

"काका, नाकाचं हाड थोडं वाकडं आहे, पण त्यानं एवढं व्हायचं नाही. तुम्ही तोंड उघडं टाकून झोपता का? घोरता का?"

"ते मला कसं कळणार?"

"खोलीत कोण असतं? त्यांना विचारा की."

राधाकिशननं लेकीकडं पाहिलं. विजयमालाच हळू आवाजात म्हणाली, "घरात कुणी नसतं, डॉक्टर. आण्णा एकटेच असतात."

डॉक्टरनं मान हलवली. मग म्हणाला, "मोबाईल आहे ना? रात्रभर उशाशी रेकॉर्डिंग लावून ठेवा. आपण झोपेत काय करतो ते आपल्यालाच कळत नसतं. कारण सापडलं की उपाय सोपा."

विजयमालानं त्याच्या फोनवर ते लावून दिलं. झोपताना कुठं बोट ठेवायचं, सकाळी कुठं, हे त्याच्याकडून दोनदा करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर राधाकिशन पडवीतल्या खाटेवर फोन घेऊन बसला. ऊन चढलं होतं. रस्त्यावरून उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. त्यानं फोन कानाशी धरला.

सुरुवातीला काहीच नव्हतं. पंख्याची घरघर, लांब कुत्री. मग त्याचाच श्वास, जड होत गेलेला. बोटानं तो पुढं सरकवत राहिला. घोरणं नव्हतं. आणि मग एकाएकी, अगदी जवळून, त्याचा स्वतःचा आवाज आला.

"चल… सरळ ये… हां."

राधाकिशननं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं. पुन्हा कानाला लावला.

"डावा हात कठड्यावर ठेव. पुढं कठडा फुटलाय. तिथं हात सोड अन् माझ्या आवाजावर ये."

थोडा वेळ शांतता. समोरचा माणूस काही विचारत असताना आपण थांबावं, तेवढीच.

"न्हाई, पाणी न्हाई खाली. कोरडाच हाय वढा. भिऊ नको."

पुन्हा शांतता.

"थांब. कडंला हो. ट्रक जाऊ दे."

घर रस्त्याला लागून. ट्रक गेला असता तर भिंती हादरल्याशिवाय राहत नाहीत. पण रेकॉर्डिंगमध्ये ट्रक नव्हता. नुसता पंखा घरघरत होता. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज म्हणाला, "गेला. चल आता."

हे असंच रात्रभर. न थांबता, न चिडता, पहाटेपर्यंत.

राधाकिशन फोन मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला. आवाज त्याचाच होता, पण गाडीत तिकिटं विचारायचा तो नव्हे, मुलीशी बोलायचा तोही नव्हे. हा आवाज त्यानं जगात एकाच माणसासाठी वापरला होता.

विमलबाईला, त्याच्या बायकोला, रात्री दिसायचं नाही. जन्मापासूनच. दिवसा सुईत दोरा ओवायची, पण सूर्य बुडाला की तिच्यापुढं भिंत उभी राहायची. लग्न झालं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी हे लपवलं नव्हतं आणि राधाकिशनलाही त्याचं कधी काही वाटलं नाही. रानातून, लग्नघरातून, दवाखान्यातून परतायला अंधार झाला की तो दोन पावलं पुढं चालायचा आणि बोलत राहायचा. दगड हाय. पाय उचल. आता उतार हाय. हात धरलेला तिला आवडायचा नाही, लोक बघतात म्हणायची. "तुमी नुसते बोलत ऱ्हावा. मी येते बराबर," म्हणायची. आणि यायची. त्याच्या आवाजाच्या मागं ती अशी चालायची की परक्याला शंकाही येत नसे.

चार वर्षांपूर्वी तिचा भाऊ बद्रीनाथ सहकुटुंब श्रीशैलमला निघाला, बहिणीलाही घेऊन गेला. राधाकिशनला रजा मिळाली नाही. परतताना रायचूरच्या अलीकडं एका ढाब्यावर जीप चहाला थांबली. दिवस बुडाला होता. विमलबाई भावजयीबरोबर ढाब्याच्या मागं आडोशाला गेली. तेवढ्यात लाईट गेली. लहान लेकरू रडायला लागलं म्हणून भावजय चार पावलं मागं फिरली. लाईट आली तेव्हा विमलबाई तिथं नव्हती. ती बहुतेक उलट्या दिशेला चालत गेली असावी. तिला वाट सांगायला कुणी नव्हतं.

पोलिस झाले, विहिरी पाहून झाल्या, फोटो छापून खांबाखांबाला लावून झाले. राधाकिशन परळीहून रेल्वेनं रायचूरला गेला, तिथल्या रानांतून तिच्या नावानं हाका मारत फिरला. भाषा येत नव्हती. लोक त्याला पाणी द्यायचे. ती सापडली नाही, आणि तिचं काहीच सापडलं नाही.

संध्याकाळी त्यानं विजयमालाला फोनवर एवढंच सांगितलं की मी झोपेत बोलतो.

"आण्णा, मग कारण सापडलं की! रातभर बोलल्यावर तोंड वाळंलच." तिला हायसं वाटलं होतं. "काय बोलता?"

"वाट सांगतो. थांबे, रस्ते, असलं."

"जन्मभर तेच केलंत तुमी. झोपेत बी ड्युटी चालू हाय तुमची." ती हसली. डॉक्टरलाही तिनंच कळवलं, आणि डॉक्टरही तेच म्हणाला. एक साधी गोळी लिहून दिली आणि हनुवटीला बांधायचा पट्टा सांगितला. तोंड मिटलेलं राहिलं की कोरड पडणार नाही.

राधाकिशननं गोळी आणली नाही, पट्टाही आणला नाही. त्याच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. तो पूल कुठला? आपल्या कुठल्याच रूटवर असा पूल नव्हता.

पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी होतं. तो फोन घेऊन दस्तगीरकडं गेला. दुपारची वेळ, गाड्यावर गिऱ्हाईक नव्हतं. दस्तगीर खरबूज कापत होता. राधाकिशननं काही न सांगता फोन त्याच्या कानाशी धरला.

"उजव्या अंगाला फरशीचे ढीग हायत. अंगाला घासू नको, कडा धारदार हायत. ओल्या भुकटीचा वास येतोय का? त्यो संपंस्तोर सरळच…"

दस्तगीरचा चाकू थांबला.

"हे शाबादच्या आसपास हाय," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडंला मैल मैल फरशा लावलेल्या असत्यात. तू गेलतास का तिकडनं?"

"रेल्वेनं गेलतो. रातीला. रस्ता न्हाई बघितला मी."

"कुणाला सांगतोय हे?"

राधाकिशननं फोन बंद करून खिशात घातला. दस्तगीरनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यानं आपला फोन काढला आणि अशफाक नावाच्या एका ड्रायव्हरला लावला, जो अजून त्या लाईनला गाडी चालवत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, शाबादच्या पलीकडं एखाद्या पुलाचा कठडा फुटलाय का?

पलीकडून काय उत्तर आलं ते राधाकिशनला ऐकू आलं नाही. दस्तगीर "हां, हां" करत राहिला. फोन ठेवून त्यानं कापलेल्या खरबुजावर फडकं टाकलं.

"फुटलाय," तो म्हणाला. "हल्लीच. कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं. अशफाक इचारतोय, तुला कसं म्हाईत म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कंडक्टर, राती फोन बंद ठेव. हे ऐकू नको बे."

पण राधाकिशन ऐकत राहिला. रोज सकाळी, पडवीत, उन्हात बसून. गुलबर्गा मागं पडलं. आळंद मागं पडलं. उमरग्याला चौकात फार वेळ गेला. गाड्या थांबत नव्हत्या. त्याचा आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता, थांब, अजून थांब, मी सांगतो तवाच पाय टाक. औसा आलं तशी राधाकिशनच्या ओळखीची वाट सुरू झाली. इथून पुढचं प्रत्येक वळण त्याच्या पायाखालचं. झोपेतला आवाजही आता भराभर सांगत होता, खात्रीनं.

त्यानं पडवी धुऊन काढली. दाराला तेल दिलं, कारण विमलबाईला बिजागरीची करकर सहन व्हायची नाही. आतल्या खोलीतल्या दोरीवरून आपले कपडे काढून एक बाजू रिकामी केली. दाढी करायला लागला. स्टँडावरचे लोक म्हणाले, कंडक्टर खंगलाय, पण तोंडावर तेज आलंय.

एवढं सगळं करत असताना त्याच्या मनात एकच गोष्ट सलत होती. तिला मेली म्हणावं तर ती वाट चालतेय. जिती म्हणावं तर दिवसा कुठं जाते? कुणाला दिसत कशी नाही?

आणि मग एका सकाळी, लातूरच्या अलीकडचं ऐकता ऐकता, त्याच्या ध्यानात आलं. इतक्या रात्रींत त्याच्या आवाजानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, जेवलीस का. थकलीस का, बसतीस का थोडं, हेही नाही. जागेपणी अंधारातून दोन शेतं पार करायची असली तरी तो मध्येच विचारायचा, दमलीस का. तो दर वेळी विचारायचा. झोपेतल्या राधाकिशनला हे विचारायची गरज वाटत नव्हती. त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते जाग्या राधाकिशनला.

त्यानं धोतराचा सोगा तोंडात कोंबला आणि पडवीत बसून रडला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडात थेंबभर ओल नव्हती.

रविवारी विजयमाला आली. बापाला पाहून दारातच थबकली. ओठांना चिरा पडून त्यांतून रक्त येऊन वाळलं होतं. आवाज तर नव्हताच, नुसती हवा. गालाची हाडं वर आली होती.

"आण्णा, गोळी घेता का?"

त्यानं होकाराची मान हलवली. तिनं घरभर शोधलं. गोळी नव्हती, पट्टा नव्हता. दोरीची रिकामी बाजू तिनं पाहिली, तेल दिलेलं दार पाहिलं, आणि ती खाटेवर त्याच्याशेजारी बसली.

"आई गेली," ती म्हणाली. "आता तुमी बी असं करायलात. मला कोण हाय मग?"

तिनं दिंद्रुडला चला म्हटलं. लेकीचा तो चेहरा पाहून त्याला नाही म्हणवेना. ती त्याला दिंद्रुडला घेऊन गेली. वाटेत तिनं पट्टा आणि गोळी घेतली. रात्री स्वतःच्या हातानं गोळी दिली, त्याच्या हनुवटीखालून पट्टा घेऊन डोक्यावर बांधला, जखमी माणसाला बांधावा तसा. फोन त्यानं सवयीनं उशाशी लावला.

सकाळी राधाकिशन उठला तेव्हा त्याला क्षणभर कळलंच नाही काय वेगळं आहे. मग त्यानं जीभ फिरवली. तोंड ओलं होतं. थुंकी गिळता आली. विजयमालाच्या हातचं थालीपीठ त्यानं चव घेत खाल्लं. दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्याही. ओठ भरून यायला लागले, आवाज फुटायला लागला. विजयमाला जावेला सांगत होती, साधा पट्टा हो, एवढ्याशा पट्ट्यासाठी माणूस किती दिवस हाल सोसत होता.

राधाकिशनला फोनची आठवण झाली नाही असं नव्हतं. त्याला धीर होत नव्हता. चौथ्या दिवशी, विजयमाला शाळेतून यायच्या वेळेला, तो गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून त्यानं पहिल्या रात्रीचं लावलं.

नाकातून चाललेला त्याचा श्वास. बाकी काही नाही. त्यानं पुढं सरकवलं. श्वास. आणखी पुढं.

मग फार लांबून, नळीच्या दुसऱ्या तोंडातून यावा तसा एक आवाज.

"आवो?"

राधाकिशननं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

श्वास. बराच वेळ नुसता श्वास. आणि पुन्हा, "आवो… कुठं हाव?"

दुसऱ्या रात्रीचं त्यानं लावलं. त्यात ती जास्त वेळा हाक मारत होती, आणि दोन हाकांमधला वेळ कमी झाला होता. "इथं दोन वाटा लागत्यात पायाला. कोणच्या वाटंनं येऊ?" मग, "बोला की."

तिसऱ्या रात्रीचं त्याला ऐकवलं नाही.

विजयमाला वर आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. फोन त्याच्या हातातून गळून पडला होता. तिनं तो उचलला. त्यानं नको म्हणायला हात केला, पण तिनं कानाला लावलाच. ती उभी होती, खांद्याला पर्स तशीच. खालच्या गल्लीतून भांडीवाला ओरडत गेला. ती हलली नाही. तिसऱ्या रात्रीचं तिनं बोटानं पुढं सरकवत शेवटपर्यंत ऐकलं.

"ऐकू आलं?" राधाकिशननं विचारलं.

"मला काही ऐकू येत न्हाई, आण्णा," ती म्हणाली.

फोन अजून तिच्या कानालाच होता.

ती खाली गेली. राधाकिशनच्या कपड्यांची पिशवी भरली. पट्टा आणि गोळ्या खिडकीत होत्या, त्या तिनं तिथंच ठेवल्या. नवऱ्याला म्हणाली, मी आण्णांजवळ राहते दोन-चार दिवस. संध्याकाळच्या गाडीनं बापलेक सिरसाळ्याला परतले. सगळ्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, उतरताना मात्र तिनं त्याचा हात घट्ट धरला.

त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज आधी फार वेळ नुसता रडत होता. मग म्हणाला, "हाय. इथंच हाय मी. आवाजावर ये."

लोखंडी सावरगाव. अंबाजोगाई. घाटाचा उतार, तिथं तो तिला पाऊल पाऊल सांगत होता. परळीपाशी म्हणाला, "थर्मलच्या राखंचा वास येतोय न्हवं? मग आलंच आपलं." सकाळी विजयमाला त्याच्या ओठांना तूप लावायची, कोमट पाणी चमच्यानं तोंडात घालायची. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते. एकदा फक्त, भाकरी थापता थापता तिनं पाठमोरंच विचारलं, "कुठंपतुर आली?"

"कालपतुर परळी."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन उठला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तो उठून बसला. तांब्याकडं हात गेला आणि तिथंच थांबला.

जीभ मोकळी होती. ओठ मऊ होते. पट्टा नाही, गोळी नाही, आणि तोंडात ओल होती.

त्यानं घरावरून नजर फिरवली. दाराला आतून कडी होती, काल विजयमालानं घातलेली. आतल्या खोलीत दोरीची बाजू तशीच रिकामी होती. जमिनीवर काही नव्हतं.

"विमल?" तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याचा आवाज स्वच्छ निघाला होता. कुणी ओ दिली नाही.

विजयमाला आतल्या खोलीत उठली होती, स्टोव्हवर चहा ठेवत होती. कडी काढून तो पडवीत आला. खाटेवर बसून फोन कानाला लावला.

"हं, आता उजवीकडं. लिंबाचं झाड मागं पडलं? बस. आपलंच घर."

शांतता.

"पायरी हाय. एकच."

शांतता.

"उंबरा. पाय उचल. हां… ये."

मग काही नाही. पंख्याची घरघर. राधाकिशनचा श्वास, आणि त्याच्या शेजारी दुसरा, लांबून चालून आलेल्या माणसाचा. तो श्वास हळूहळू शांत होत गेला.

राधाकिशननं डोळे मिटले. ऊन त्याच्या पायांवर आलं होतं. त्याला वाटलं, संपलं. पोचली. फोन कानापासून काढणार, तेवढ्यात तिचा आवाज आला. लांबून नव्हे. उशाजवळून.

"दार लावू नका, आवो."

आणि थोडं थांबून, संकोचल्यासारखं, न विचारता पाहुणे घेऊन आलेली बाई बोलते तसं,

"मागं लई जण हायत. तुमच्या आवाजावरच आलेत बिचारे."

मग पावलं.

अनवाणी. एकामागं एक. उंबऱ्यापाशी प्रत्येकाची क्षणभर अडखळत, मग आत. म्हाताऱ्यांची घासत येणारी. मोठ्या माणसाची जड. मध्येच एका लेकराची, भरभर. राधाकिशन फोन कानाशी धरून ऐकत राहिला. ती थांबत नव्हती. फोनमधली जागा संपून रेकॉर्डिंग तुटलं, तोपर्यंत थांबली नव्हती.

"आण्णा, चहा," आतून विजयमाला म्हणाली.

तिनं काहीच ऐकलं नव्हतं. ती दोन कप घेऊन आतल्या खोलीतून निघाली. पुढची खोली रिकामी होती, मोकळी, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत नुसती फरशी. त्या फरशीवरून ती अंग चोरत आली. एकदा डावीकडं झाली, एकदा कप वर धरून थांबली, कुणाला तरी जाऊ दिल्यासारखी, आणि दारात आल्यावर मागं वळून पाहत राहिली, आपण असं का चाललो ते न कळून.